उल्हास खोऱ्यातून मक्केला: हज आणि माफीची परंपरा

हज हा इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी एक. शरीराने आणि पैशाने समर्थ असलेल्या प्रौढ मुसलमानावर तो आयुष्यातून एकदा बंधनकारक आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आलेल्या एका वचनाचा आशय असा, की वाईट बोलण्या-वागण्यापासून दूर राहून हज करणारा माणूस नुकत्याच जन्मलेल्या मुलासारखा निष्पाप होऊन परततो. ही मगफिरत, म्हणजे अल्लाहने केलेली क्षमा, या यात्रेमागची सर्वांत मोठी ओढ आहे. मात्र शरीअत तिला एक मर्यादा घालते. नमाज-रोजात झालेली कसूर अल्लाह माफ करू शकतो; पण दुसऱ्या माणसाचे बुडवलेले पैसे, बळकावलेली जमीन किंवा केलेली बदनामी यांची माफी त्या माणसाकडेच मागावी लागते. पहिल्या प्रकाराला हुकूकुल्लाह आणि दुसऱ्याला हुकूकुल इबाद म्हणतात.

त्यामुळे यात्रेची सुरुवात गावातच होते. निघण्यापूर्वी उधारी चुकती करायची, कोणाची ठेव असेल तर परत द्यायची, मागे राहणाऱ्यांच्या खर्चाची सोय लावायची आणि नातेवाईक-शेजाऱ्यांकडे जाऊन ‘बोललंचाललं माफ करा’ म्हणायचे, ही रीत महाराष्ट्रातील मुस्लिम घरांत आजही पाळली जाते. पूर्वी या निरोपाला आणखी गांभीर्य होते. प्रवास महिनोन्महिन्यांचा असे आणि सगळेच परत येत नसत. 1865 साली मक्केत पटकीने हजारो यात्रेकरू दगावले. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत हाच विषय मुख्य होता.

बदलापूर गाव उल्हास नदीच्या काठी, कल्याणच्या पुढे वसले आहे. कल्याण आणि भिवंडी ही या खोऱ्यातील कोकणी मुसलमानांची जुनी केंद्रे. हा समाज प्रामुख्याने शाफई पंथाचा, आणि हजच्या बाबतीत त्याचे परिणाम दिसतात. ऐपत आली की त्याच वर्षी निघावे, असे हनफी या दुसऱ्या पंथाचे मत सामान्यतः सांगते. शाफई मतानुसार मनात पक्का इरादा असेल तर यात्रा पुढे ढकलता येते. संसाराच्या जबाबदाऱ्या उरकून उतारवयात हजला जाण्याच्या प्रथेला या मताचा आधार मिळाला असावा.

मुघल काळात हजचे मुख्य बंदर सुरत होते. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि ते स्थान मुंबईने घेतले. रेल्वे 1853 मध्ये ठाण्यापर्यंत, 1854 मध्ये कल्याणपर्यंत आणि 1856 मध्ये बदलापूरवरून खोपोलीपर्यंत पोहोचली. बोरीबंदर त्यामुळे या गावांच्या आवाक्यात आले. मुंबईत मात्र यात्रेकरूंची लूट होई. दलाल तिकिटे चढ्या भावाने विकत आणि जहाजात गुरांसारखी माणसे कोंबली जात. सरकारने 1886 मध्ये थॉमस कुक कंपनीकडे हजच्या प्रवासाचे काम दिले, पण तो प्रयोग दशकभरही टिकला नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि पुढच्या वर्षी येथून जाणाऱ्या हजच्या जहाजांवर बंदी आली. जहाजाची वाट पाहणाऱ्यांचा मुक्काम मुसाफिरखान्यांत असे; क्रॉफर्ड मार्केट परिसरातील हाजी साबू सिद्दिक मुसाफिरखाना त्यांपैकी प्रसिद्ध. पुढे ही वाहतूक मुख्यतः मुघल लाइन या जहाज कंपनीच्या हाती राहिली.

जहाज तांबड्या समुद्रात यलमलमच्या, म्हणजे एहराम बांधण्याच्या हद्दीच्या, समोर येण्याआधी पुरुष दोन बिनशिवलेली पांढरी वस्त्रे नेसत. एहरामची ही अवस्था सुरू झाली की ‘लब्बैक’चा घोष सुरू होई. आता शिकार, सुगंध, केस-नखे कापणे, भांडणतंटा सारे वर्ज्य. यातले काही नियम मोडले तर प्रायश्चित्त म्हणून बकऱ्याची कुर्बानी, दान किंवा रोजे करावे लागतात.

मक्केत काबागृहाला सात फेरे घालताना आणि मुलतजम या भिंतीच्या भागाला बिलगून माफी मागितली जाते. हजचा गाभा मात्र अरफातचे मैदान. जिल्हज महिन्याच्या 9 तारखेला दुपार ढळल्यापासून सूर्यास्तापर्यंत यात्रेकरू तेथे थांबतात आणि दुआ करतात. या थांबण्याला वुकूफ म्हणतात. तो चुकला तर त्या वर्षीचा हजच होत नाही. तेथे काही करायचे नसते, हेच त्याचे वैशिष्ट्य: ना फेरे, ना बळी, ना कोणी पुरोहित. माणूस उभा राहतो आणि आपल्या चुका आठवून रडतो. जबल-ए-रहमत, म्हणजे दयेचा डोंगर, ही मैदानातली लहानशी टेकडी. तिच्यावर चढण्यासाठी झुंबड उडते, तरी चढणे आवश्यक नाही. सूर्य मावळला की सगळे मुजदलिफाकडे निघतात. रात्र तेथे काढून मिना येथे सैतानाच्या प्रतीकांना खडे मारले जातात, कुर्बानी होते आणि पुरुष डोके भादरून घेतात. ज्यांनी डोके भादरले त्यांच्यासाठी पैगंबरांनी अनेकदा आणि ज्यांनी केस नुसते कातरले त्यांच्यासाठी शेवटी एकदा दुआ केली, अशी हदीस आहे. शाफई पंथात तर केस काढणे किंवा कातरणे हे हजचे एक मूळ अंगच मानले जाते.

बदलापूर-अंबरनाथ परिसरातील मुसलमानांना जवळचे श्रद्धास्थान म्हणजे मलंगगडावरील हाजी मलंग यांचा दर्गा. माघी पौर्णिमेला तेथे उरूस भरतो आणि हिंदूही मोठ्या संख्येने येतात. परंपरेने व्यवस्थेत कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याचाही वाटा आहे. पण दर्ग्यावर लोक बहुधा नवस बोलायला येतात: मूल व्हावे, आजार बरा व्हावा, अडलेले काम मार्गी लागावे. हजमध्ये मुख्य मागणे पापक्षालनाचे असते, आणि दर्ग्याची कितीही वेळा जियारत, म्हणजे दर्शनयात्रा, केली तरी हजचे कर्तव्य त्यामुळे फिटत नाही.

मुंबईहून हजची जहाजे 1995 पर्यंत गेली. त्यानंतर केवळ विमाने राहिली. यलमलम आता काही मिनिटांत मागे पडते, म्हणून अनेक जण मुंबईतच एहराम बांधतात. पूर्वी आठवडा-दीड आठवडा जहाजावर तौबा करण्यात आणि हजचे नियम शिकण्यात जाई. आता ते शिक्षण निघण्याआधीच्या प्रशिक्षण शिबिरांत उरकावे लागते. विमानभाड्यावरील सरकारी अनुदान 2018 मध्ये बंद झाले.

ऐपत असूनही न जाता वारलेल्यासाठी हज-ए-बदल, म्हणजे त्याच्या वतीने दुसऱ्याने करायचा हज, आहे. आईचा राहिलेला हज करू का, असे विचारणाऱ्या एका स्त्रीला पैगंबरांनी उलट विचारले, की आईचे कर्ज असते तर तू फेडले असतेस ना? हनफी मतानुसार मृत्युपत्रात तसे सांगितले असेल तर वारसांनी मालमत्तेच्या एक तृतीयांशातून हा खर्च करायचा. शाफई मत अधिक कडक आहे: मृत्युपत्र नसले तरी वाटणीपूर्वी, इतर कर्जांप्रमाणेच, संपूर्ण मालमत्तेतून तो काढायचा, आणि ज्याला पाठवायचे त्याने आधी स्वतःचा हज केलेला असला पाहिजे.