उजेडाचा हिशेब : पिवळ्या बल्बपासून एलईडीपर्यंत

(प्रतिनिधी)

दुकानात दिवा घ्यायला गेलेला ग्राहक आजही पहिला प्रश्न विचारतो, तो 'किती वॅटचा?' हा. साठ वॅटचा बल्ब म्हणजे बेताचा उजेड आणि शंभर वॅटचा म्हणजे लख्ख, हे समीकरण दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडले आहे. तारेच्या बल्बचे राज्य होते तोवर त्यात वावगे काहीच नव्हते. मात्र सीएफएल आणि त्यापाठोपाठ एलईडी दिवे आले आणि हे समीकरण निरुपयोगी ठरले. वॅट हे दिवा किती वीज खातो याचे माप आहे. तो किती उजेड देतो याचे माप ल्युमेन. एका वॅटमागे किती ल्युमेन पदरात पडतात, यावर दिव्याची कार्यक्षमता ठरते. घरातील, रस्त्यावरील आणि दुकानातील निरनिराळ्या दिव्यांची तुलना करायची, तर ती याच मापाने करावी लागते.

तारेचा बल्ब : उजेड थोडा, उष्णता फार

टंगस्टनची केसासारखी बारीक तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची आणि तिच्या तेजाने उजेड मिळवायचा, हे साध्या बल्बचे तत्त्व. या खटाटोपात विजेचा जेमतेम पाच ते दहा टक्के भाग उजेडाच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेली सारी वीज उष्णतेत जाते. साठ वॅटचा बल्ब साधारण ७०० ल्युमेन उजेड देतो, म्हणजे वॅटमागे सुमारे बारा ल्युमेन. त्याचे आयुष्य एक हजार तासांचे. हा आकडाही निव्वळ शास्त्राने ठरवलेला नाही. जगातील प्रमुख बल्ब उत्पादकांनी १९२४ साली जिनिव्हा येथे 'फीबस' नावाचा संघ स्थापन केला आणि बल्ब एक हजार तासांपेक्षा अधिक टिकू नये, असे आपसांत ठरवून घेतले. तार जितकी अधिक तापवावी तितका उजेड वाढतो आणि आयुष्य घटते, हा तांत्रिक भाग त्यामागे होता. तसेच विक्रीचे गणितही होते.

हॅलोजन दिवा हा याच बल्बचा सुधारलेला अवतार. त्यातील आयोडिन अथवा ब्रोमिनच्या वाफेमुळे तारेवरून उडालेले टंगस्टन पुन्हा तारेवर येऊन बसते. त्यामुळे तार अधिक तापवता येते आणि आयुष्यही साधारण दुप्पट होते. तरीही त्याची मजल वॅटमागे पंधरा ते वीस ल्युमेनच्या फार पुढे जात नाही.

युरोपीय संघाने सप्टेंबर २००९ पासून शंभर वॅटचे बल्ब बाजारातून हटवण्यास प्रारंभ केला आणि २०१२ पर्यंत लहान बल्बही हद्दपार केले. भारताने सरसकट बंदीचा मार्ग न धरता पर्यायी दिवे स्वस्त करण्यावर भर दिला.

ट्यूबलाइट : चोकही वीज खातो

ट्यूबलाइटमध्ये तार तापवून उजेड मिळवण्याचा प्रकार नाही. नळीत अत्यल्प दाबाखाली पाऱ्याची वाफ असते. तीतून वीज वाहू लागली, की डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात आणि नळीच्या आतील बाजूस दिलेला पांढरा लेप त्यांचे उजेडात रूपांतर करतो. वाटेत उष्णतेचा अपव्यय कमी असल्याने ही नळी बल्बच्या कित्येक पट कार्यक्षम ठरते.

घरोघरी दिसणारी जुनी चार फुटी ट्यूब ४० वॅटची. तिच्याबरोबरचा तांब्याच्या तारेचा चोक स्वतःच बारा ते पंधरा वॅट खातो, ही गोष्ट मात्र ग्राहकाच्या ध्यानात राहत नाही. तेव्हा मीटरवर प्रत्यक्ष भार पडतो तो बावन्न ते पंचावन्न वॅटचा. पुढे नळ्या बारीक होत गेल्या. जुन्या 'टी-१२' नळीचा व्यास ३८ मिलिमीटर होता. नंतरची ३६ वॅटची 'टी-८' नळी २६ मिलिमीटरची, तर २८ वॅटची 'टी-५' नळी अवघ्या १६ मिलिमीटरची. टी-५ ला इलेक्ट्रॉनिक चोक लागतो. तो दोन-चार वॅटच खातो आणि दिवा फडफडू देत नाही. उत्तम प्रतीची टी-५ नळी वॅटमागे नव्वद ते शंभर ल्युमेन देते. यामुळेच एलईडी स्वस्त होईपर्यंत कार्यालयांमध्ये टी-५ ला तोडीस तोड दिवा नव्हता.

सीएफएल : संक्रमणकाळातील दिवा

१९७३ च्या तेलसंकटानंतर वीज वाचवण्याचा विचार जगभर सुरू झाला. अमेरिकेतील 'जनरल इलेक्ट्रिक' कंपनीचे अभियंता एडवर्ड हॅमर यांनी १९७६ मध्ये ट्यूबची नळी मळसूत्रासारखी वळवून बल्बच्या आकारात बसवली. 'फिलिप्स' कंपनीने १९८० मध्ये साध्या होल्डरमध्ये बसणारा दिवा बाजारात आणला. हीच सीएफएल. तीही वॅटमागे पन्नास ते सत्तर ल्युमेन देते, म्हणजे साठ वॅटच्या बल्बचे काम चौदा वॅटमध्ये होते. आयुष्य सहा ते दहा हजार तास.

राज्यातील भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टरवर अधिक वेळ चालणारा दिवा म्हणून सीएफएल मराठी घरांत स्थिरावली. केंद्र सरकारने २००९ मध्ये 'बचत लॅम्प योजना' आणली. साध्या बल्बच्या किमतीत, सुमारे पंधरा रुपयांत, ग्राहकाला सीएफएल द्यायची आणि फरकाची रक्कम क्योटो करारातील कार्बन क्रेडिटच्या विक्रीतून भरून काढायची, अशी ती कल्पना होती. पुढे जागतिक बाजारात या क्रेडिटचे भाव कोसळले आणि योजनेचा आधारच गेला.

सीएफएलच्या मर्यादाही होत्या. लावल्यावर पूर्ण उजेड यायला तिला वेळ लागतो. वारंवार चालू-बंद केल्याने आयुष्य घटते. म्हणूनच न्हाणीघरात किंवा जिन्यात ती लवकर जाते. आणि तिच्यात तीन ते पाच मिलिग्रॅम पारा असतो.

एलईडी : निळ्या किरणाची करामत

एलईडी म्हणजे प्रकाश देणारा अर्धवाहक. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी दाखवला, त्यानंतर तीन दशके हा दिवा रेडिओ-कॅल्क्युलेटरवरील ठिपक्यापुरताच राहिला. पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हवा होता आणि तो साधत नव्हता. जपानमधील इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या दशकाच्या सुमारास ती किमया साधली. निळ्या एलईडीवर पिवळसर लेप दिला, की दोहोंच्या मिश्रणाने पांढरा उजेड मिळतो. या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

बाजारातील सर्वसाधारण एलईडी बल्ब वॅटमागे नव्वद ते एकशेवीस ल्युमेन देतो. अवघ्या चार वॅटमध्ये ८४० ल्युमेन देणारे दिवेही युरोपच्या बाजारात आले आहेत. एलईडी क्षणात पेटतो, त्यात पारा नसतो आणि विजेचा दाब कमी झाला तरी चांगल्या प्रतीचा दिवा मंदावत नाही. खेडोपाडी संध्याकाळी दाब उतरला, की बल्ब मिणमिणतो आणि तांब्याच्या चोकची ट्यूब पेटतच नाही. तेथे हा गुण फार मोलाचा ठरतो.

देशात एलईडीचा प्रसार झाला तो ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या 'उजाला' योजनेमुळे. सरकारी कंपनी 'ईईएसएल'ने एकगठ्ठा खरेदी केल्याने २०१४ च्या प्रारंभी ३१० रुपये असलेला बल्बचा खरेदी दर २०१६ मध्ये चाळीस रुपयांच्या खाली आला. योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक, तर महाराष्ट्रात दोन कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले.

वर्षाचा हिशेब

बैठकीच्या खोलीत रोज पाच तास दिवा लागतो आणि विजेचा दर युनिटला आठ रुपये आहे, असे धरू. साठ वॅटचा बल्ब वर्षाला सुमारे ११० युनिट वीज खातो; खर्च ८७६ रुपये. चौदा वॅटची सीएफएल २६ युनिट. खर्च २०४ रुपये. नऊ वॅटचा एलईडी १६ युनिट; खर्च १३१ रुपये. शंभर रुपयांच्या एलईडीची किंमत बल्बच्या तुलनेत दोन महिन्यांच्या आत वसूल होते. सीएफएल आणि एलईडी यांच्यातील वार्षिक फरक मात्र केवळ ७३ रुपयांचा. तात्पर्य, तारेचा बल्ब आजच काढावा. चालू स्थितीतील सीएफएल ती जाईपर्यंत वापरली तरी फारसे बिघडत नाही.

जुन्या ट्यूबचा हिशेब निराळा. बावन्न वॅटची ट्यूब रोज सहा तास लागली, तर वर्षाला ११४ युनिट लागतात. वीस वॅटच्या एलईडी पट्टीला ४४. फरक ७० युनिटचा, म्हणजे ५६० रुपयांचा. ट्यूबचे एकूण ल्युमेन थोडे अधिक असतात. परंतु तिचा उजेड चहूकडे पसरतो आणि त्यातील बराचसा भिंतीवर व छतावर जातो. एलईडीचा उजेड समोर पडतो, म्हणून खोलीतील फरक जाणवत नाही.

कार्यक्षमता म्हणजे सर्वस्व नव्हे

रस्त्यावरील पिवळे सोडियम दिवे वॅटमागे शंभरच्या आसपास ल्युमेन देतात. कमी दाबाच्या सोडियम दिव्याने तर एलईडीच्या कितीतरी आधी वॅटमागे पावणेदोनशेच्या वर मजल मारली होती. असे असूनही तो घरात आला नाही, कारण त्याच्या एकरंगी पिवळ्या उजेडात लाल आणि तपकिरी हा भेदच कळत नाही. कापडाच्या दुकानात असा दिवा लावला, तर गिऱ्हाईक पैठणीचा रंग ओळखू शकणार नाही. रंग किती खरे दिसतात, हे दाखवणारा निर्देशांक 'सीआरआय' या नावाने ओळखला जातो. शंभर हा त्याचा पूर्णांक; घरासाठी तो किमान ८० असावा.

दुसरी बाब उजेडाच्या छटेची. ती केल्विनमध्ये मोजतात. २७०० केल्विनचा उजेड बल्बसारखा पिवळसर, ६५०० केल्विनचा निळसर पांढरा. आपल्याकडे पांढऱ्याशुभ्र उजेडाची आवड असली, तरी त्यातील निळा अंश रात्री झोपेच्या आड येतो. निजण्याच्या खोलीत पिवळसर छटाच योग्य.

पाऱ्याचे काय?

ट्यूब आणि सीएफएल यांचा प्रवास आता संपत आला आहे. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार ऑगस्ट २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. या करारातील देशांनी सर्वसाधारण वापराच्या सीएफएलचे उत्पादन व आयात-निर्यात थांबवण्यासाठी २०२५ ची, तर लांब नळ्यांसाठी टप्प्याटप्प्याने २०२७ पर्यंतची मुदत ठरवली. घराघरांतील जुन्या नळ्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. ई-कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांपासून पारायुक्त दिवे ई-कचऱ्यात मोडतात. ते ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. दिवा फुटल्यास खिडक्या उघडून पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे, तुकडे झाडूऐवजी जाड कागदाने उचलून झाकणाच्या बरणीत बंद करावेत आणि जागा ओल्या कागदाने पुसून घ्यावी. लहान मुलांना तेथे फिरकू देऊ नये.

खरेदी करताना

खोक्यावर ल्युमेन, सीआरआय आणि केल्विन छापलेले आहेत का, ते पाहावे. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे असावेत. एलईडीवर पंधरा किंवा पंचवीस हजार तासांचे आयुष्य लिहिलेले असते. प्रत्यक्षात आधी जातो तो आतला विद्युत मंडल, आणि तोही उष्णतेने. त्यामुळे चहूबाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात एलईडी बसवणे टाळावे आणि हमीची पावती जपून ठेवावी.

कोणता दिवा आधी बदलायचा, हे त्याच्या वॅटवरून ठरवू नये; तो किती तास लागतो, त्यावरून ठरवावे. माळ्यावरचा साठ वॅटचा बल्ब रोज पाच मिनिटे लागत असेल, तर वर्षाला दोन युनिटही होत नाहीत. उलट ज्याला आपण 'झिरोचा बल्ब' म्हणतो, तो जुन्या पद्धतीचा असल्यास बारा ते पंधरा वॅट खातो. देवघरात असा पंधरा वॅटचा बल्ब अहोरात्र तेवत असेल, तर वर्षाला १३१ युनिट होतात, बैठकीच्या खोलीतील साठ वॅटच्या बल्बपेक्षाही अधिक. तेथे अर्ध्या वॅटचा एलईडी बसवला, तर हाच आकडा साडेचार युनिटच्या आत येतो. घरातील दिवे बदलायला सुरुवात करायची, ती तेथूनच करावी.