बोटांनी छेडलेल्या तारा

परवा मुलानं कुरिअरनं एक एलपी पाठवली. बेथोवनची सातवी सिंफनी, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, संचालक कार्लोस क्लायबर. ध्वनिमुद्रण १९७५-७६चं, २०२३ साली डॉइच ग्रामोफोननं मूळ चार ट्रॅकच्या फितींवरून थेट नवी तबकडी कापली. आमचा कान भीमसेन-कुमारांवर पोसलेला, त्यामुळे आवाजातली सुधारणा जाणकारांनीच सांगावी. मला ओढ लागली ती संचालकाच्या घरच्या इतिहासाची.

वडील एरिख क्लायबर बर्लिनच्या सरकारी ऑपेराचे प्रमुख. नाझींना नको असलेल्या आल्बान बेर्गच्या 'लुलू'मधला भाग त्यांनी १९३४च्या नोव्हेंबरअखेर वाजवला आणि डिसेंबरात राजीनामा दिला. ते स्वतः ज्यू नव्हते. गप्प बसून खुर्ची सांभाळणारे तिथे पुष्कळ होते! कुटुंब पुढे अर्जेंटिनात गेलं आणि १९३० साली बर्लिनला जन्मलेला कार्ल तिथे कार्लोस झाला.

हुकूमशहापुढे न वाकलेल्या या बापानं मुलाला मात्र संगीतात येऊ नकोस म्हणून सांगितलं. मुलगा झुरिकला रसायनशास्त्र शिकायला गेला. ते काही टिकलं नाही. १९५४ मध्ये पॉट्सडॅमला त्यानं पहिल्यांदा ऑपेरेटा चालवली, तीही नाव बदलून. दोनच वर्षांत वडील वारले.

आता गंमत ऐका. या सिंफनीच्या दुसऱ्या भागात अगदी शेवटी व्हायोलिनवाल्यांनी पुन्हा गज घ्यावा, असं छापील स्वरलिपीत आहे. कार्लोसच्या तबकडीवर ते गज घेतच नाहीत, बोटांनी तारा छेडून भाग संपवतात. एरिखनी १९५० साली ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाव वाद्यवृंदाबरोबर हीच सिंफनी मुद्रित केली होती. तिथेही शेवट असाच, बोटांनी. नाव बदलून सुरुवात करणाऱ्या मुलानं वीस वर्षांनी बापाचा हट्ट जसाच्या तसा ठेवला. कार्लोसनं उभ्या आयुष्यात ध्वनिमुद्रणं मोजकीच केली. २००४ साली तो गेला. त्या मोजक्यांत हे एक.

मी ते चार-पाच सूर तीनदा ऐकले. आमच्या चिरंजीवांचा तबला बारावीच्या वर्षी मीच बंद केला होता. सुट्टीत पुन्हा सुरू कर म्हणालो होतो, मग ते राहूनच गेलं. रात्री त्याला फोन केला. तबलाडग्गा अजून माळ्यावर आहे, असं सांगितलं.

तो म्हणाला, "बाबा, शाई उडाली असेल हो त्याची."