सैरंध्रीच्या रानातले वानर

माझे बालपण धरणाच्या सावलीत गेले. वडील कोयनेवर ओव्हरसियर होते. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या सदऱ्याला सिमेंटचा वास येई, आणि आम्हां भावंडांना तो अत्तरासारखा वाटे! पुढे मीही पाटबंधारे खात्यात चाकरी धरली. १९७९ साली केरळातल्या एका धरणावरून देशभर गदारोळ उठला, तेव्हा ‘माकडांसाठी वीज अडवायची काय?’ असे म्हणून आमच्या मेसमध्ये सर्वांत मोठ्याने हसणारा मीच होतो.

ते माकड पाहायला मी गेल्या डिसेंबरात गेलो. निवृत्तीला बरीच वर्षे झाली होती आणि सौभाग्यवती बरोबर होत्या.

पालक्काड जिल्ह्यातल्या मण्णारकाडहून घाट चढून मुक्कालीला यायचे. पुढे स्वतःची मोटार नेता येत नाही. वनखात्याची जीप आणि वाटाड्या घेऊन सुमारे तेवीस किलोमीटर हाडे खिळखिळी करीत जायचे, तेव्हा सैरंध्री येते. विराटाघरी दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीचे हे नाव. खाली दरीतून वाहते ती कुंतीपुळा. पांडव वनवासात इथे होते, असे तिथले लोक सांगतात. (पांडव आपल्याकडेही कुठे नव्हते म्हणा!) साहेबाने या रानाला ‘सायलेंट व्हॅली’ म्हटले. कोणी म्हणतात, इथे किर्र करणारे किडे नाहीत म्हणून. कोणी म्हणतात, सैरंध्रीचाच तो अपभ्रंश. आम्ही गेलो त्या दिवशी तरी रान मुळीच मुके नव्हते.

वाघ पाहायच्या हौसेने येणाऱ्याने इथे येऊ नये. वाघ आहे, हत्तीही आहे; पण सदाहरित रान इतके दाट की दहा पावलांवरचा हत्तीही दिसायचा नाही. आम्हांला हत्तीची लीद दिसली आणि गव्याचे खूर उमटलेले दिसले. पावसाळ्यात गेलात तर जळवा मात्र न बोलावता भेटतील. खरी वस्ती डोक्यावर. भीमाशंकरला पाहिलेला आपला शेकरू इथेही भेटला आणि माहेरचे माणूस भेटल्यासारखे सौभाग्यवतींना झाले. धनेशाची जोडी माथ्यावरून गेली, तेव्हा तिच्या पंखांचा आवाज थेट जुन्या वाफेच्या इंजिनासारखा आला. तांबूस डोक्याचे काळे निलगिरी वानरही दिसले. पण ज्याच्यासाठी आलो ते हे नव्हे.

धरणाची जागा १९२८ मध्येच हेरून ठेवलेली होती. १९७३ साली योजना आयोगाची मान्यता मिळाली. सुमारे १२० मेगावॉट वीज निघायची होती आणि ८३० हेक्टर रान पाण्याखाली जायचे होते. मलबारला विजेची निकड होती हे खरेच. धरण मागणारे कोणी राक्षस नव्हते. १९७६ मध्ये जफर फतेहअल्ली यांच्या समितीने ‘बेत सोडा’ म्हणून सांगितले. पण ‘करायचेच असेल तर ही पथ्ये पाळा’ अशी पुस्ती जोडली. सरकारने नेमकी पुस्ती उचलली! १९७८ साली केंद्राची संमतीही आली.

मग उठले ते बहुतेक शाळामास्तर आणि प्राध्यापक. केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या या मंडळींनी नुसती हळहळ केली नाही. वीज, खर्च, ओलीत यांचे आकडे मांडून दाखवले. कवयित्री सुगतकुमारी उभ्या राहिल्या, मुंबईचे सलीम अली यांनी आवाज उठवला. उच्च न्यायालयात १९८० मध्ये हार झाली, तरी माणसे हटली नाहीत. मेनन समितीनंतर १९८३ मध्ये इंदिरा गांधींनी योजना सोडून दिली. १९८४ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, ते पाहायला त्या नव्हत्या. १९८५ मध्ये राजीव गांधींनी त्याचे उद्‌घाटन केले.

सैरंध्रीला शंभर फुटी मनोरा आहे. त्यावर धापा टाकीत चढलो, तोच वाटाड्याने माझा हात दाबला. “साब, सिंगवालन!”

खालच्या उतारावर टोळी चरत होती. काळेकुळीत अंग, तोंडाभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. “अहो, हे तर पांढऱ्या दाढीचे आजोबाच!” सौभाग्यवती म्हणाल्या. आजोबा शांतपणे फळ सोलीत होते. या वानराचे जवळजवळ सारे आयुष्य झाडावरच जाते. फांदीला फांदी लागलेली असेल तोवर त्याचा रस्ता चालू. मध्ये तलाव आला की दोन तीरांवरच्या टोळ्या कायमच्या परक्या. जगात हे फक्त सह्याद्रीच्या दक्षिण अंगाला उरले आहे, तेही काही हजार. मेसमध्ये हसताना यातले काहीच मला ठाऊक नव्हते आणि कोणाला विचारावेसेही वाटले नव्हते.

सवयीने नजर नदीकडे गेली. दोन्ही अंगांनी डोंगर जवळ आलेले, मध्ये अरुंद घळ. धरणाला जागा उत्तम. वडिलांनीही हीच निवडली असती.

“पाणी कुठवर आलं असतं हो?” सौभाग्यवतींनी विचारले.

मी बोट नदीवर ठेवले आणि अदमासाने उतारावरून वर आणू लागलो. ते आजोबा बसले होते त्या झाडाच्या शेंड्यावरून पुढे गेले, तेव्हा मी हात खाली घेतला.