बैलाची पत्री
१२. पत्री : बैलाच्या खुराला ठोकायची लोखंडी पट्टी. घोड्याची टाप अखंड, तिला एकच नाल पुरते. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून पायागणिक २ आणि चारी पायांना मिळून ८ पत्र्या. बैलाला दोराने आडवा पाडून नालबंद आधी खूर तासतो, मग पत्री ठोकतो. खिळा जिवंत भागात गेला की बैल लंगडलाच. मूळ मजकुरातल्या ‘बैलांच्या टापा’ आम्ही तशाच ठेवल्या आहेत; बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात मात्र त्या ऐकून कोणीही हसेल. गाईबैलांना खूरच म्हणायचे: गाईंच्या खुरांनी उडते ती धूळ म्हणजे गोरज. तिचा मुहूर्त अजूनही लग्नपत्रिकांवर छापतात.