रायपूरचे राज्य आरोग्य संसाधन केंद्र आणि मितानिन

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, तेव्हा सुमारे दोन कोटी लोकसंख्येच्या या प्रदेशात १९६३ साली स्थापन झालेले रायपूरचे एकच वैद्यकीय महाविद्यालय होते, आणि बस्तर वा सरगुजाच्या जंगलातील वस्त्यांवर पदवीधर डॉक्टर लवकर पोहोचण्याची शक्यता नव्हती. त्यामुळे २००२ साली प्रत्येक ‘पाऱ्या’साठी, म्हणजे गावाच्या प्रत्येक स्वतंत्र वस्तीसाठी, तेथीलच रहिवाशांनी निवडलेली एक आरोग्यसेविका नेमण्याचे ठरले, विधिपूर्वक जोडलेल्या मैत्रिणीला छत्तीसगढी समाजात म्हणतात ते ‘मितानिन’ हे नाव तिला मिळाले. तिच्या प्रशिक्षणासाठी शासन व स्वयंसेवी संस्था यांच्यातील करारातून रायपुरात राज्य आरोग्य संसाधन केंद्र उभे राहिले.

केंद्राचे संचालक डॉ. टी. सुंदररामन हे पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेतील प्राध्यापक असून लोकविज्ञान व साक्षरता चळवळीत मुरलेले कार्यकर्ते होते. सेविका निवडण्याआधी गावोगावी कलाजथे, म्हणजे गाणी व नाटुकली सादर करणारी पथके, पाठवण्याची रीत त्या चळवळीशीच नाते सांगते. आरोग्य खात्याला धोरणविषयक सल्ला देता यावा, पण खात्याच्या उतरंडीत अडकून पडू नये, अशी केंद्राची जागा होती, आणि ती टिकवणे हेच संचालकाचे सर्वांत अवघड काम होते.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरात खेड्यातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले, हे मराठी वाचकांना परिचित आहे. परंतु एका ध्येयनिष्ठ संस्थेने जे मोजक्या गावांत साधले, ते शासनयंत्रणेला बरोबर घेऊन राज्यभर, पुढे सुमारे ६०,००० स्त्रियांपर्यंत, नेणे हे निराळ्या जातीचे काम होते, आणि सुंदररामन यांच्या कारकिर्दीचे मोल तेथेच शोधावे लागते. मितानिनच्या कामाला सुरुवातीला मानधन नव्हते, आणि त्याचा भार गरीब घरांतील स्त्रियांनी उचलला, ही या कार्यक्रमातील गंभीर उणीव होती.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ सेविकांची योजना आली, तेव्हा छत्तीसगडचा अनुभव तिच्या पाठीशी होता. २००७ साली सुंदररामन दिल्लीच्या राष्ट्रीय आरोग्य प्रणाली संसाधन केंद्राचे प्रमुख झाले. देशपातळीवर साधारणतः १,००० लोकांमागे एक आशा असे प्रमाण ठरले, तरी छत्तीसगडने पारा हेच एकक कायम ठेवले, कारण एकाच गावाचे पारे जेथे रानात दूरदूर विखुरलेले असतात, तेथे तापलेल्या बाळापाशी रात्री शेजारच्या घरातलीच बाई पोहोचू शकते.