सत्तरीचा वाटाड्या

गोव्याचे नाव उच्चारले की ऐकणाराच्या डोळ्यांपुढे प्रथम समुद्र उभा राहतो. ते स्वाभाविकही आहे. तथापि या भूमीला पूर्वेची जी बाजू आहे तिकडे समुद्राचे वारे पोहोचत नाहीत. तिकडे सह्याद्रीची भिंत आहे, आणि त्या भिंतीच्या पायथ्याशी, म्हादईच्या खोऱ्यात, सत्तरी तालुक्याचे मुख्य ठाणे वाळपई आहे. सत्तर गावांची म्हणून सत्तरी, असे या नावाविषयी सांगतात. गोव्यात सर्वांत जास्त पाऊस कोसळणाऱ्या ठिकाणांत आमच्या गावाची गणना होते. सूर्य मात्र आम्हांला इतरांपेक्षा थोडा उशिराच दिसतो, कारण त्याला आधी डोंगर ओलांडावा लागतो.

हिवाळा लागला की पणजी, म्हापसा, मडगाव येथून माणसे वाळपईस येऊ लागतात. एखाद्या माहीतगार गावकऱ्याला दिवसभरापुरते बरोबर घ्यावे, वन खात्याची परवानगी काढावी, उजाडता उजाडता डोंगराकडे निघावे आणि दिवेलागणीच्या आत परतावे, असा त्यांचा बेत असतो. कोणी वाघेरीवर जातो, कोणी चोर्ल्याच्या घाटमाथ्यावर. धाडसी असतो तो सोसोगडाचे नाव काढतो. सोसोगड हे गोव्यातील सर्वांत उंच शिखर. उंची १,१६६ मीटर. महाराष्ट्रातील कळसूबाईच्या १,६४६ मीटरांपुढे ती कमी वाटेल. परंतु येथे चढाईला सुरुवात जवळजवळ समुद्रसपाटीपासून होते, आणि वाट दाट रानातून जाते. उंचीपेक्षा हे रानच माणसाला अधिक चकवते.

शहरातून येणारे ज्याला 'गाइड' म्हणतात त्याला आपल्या भाषेत 'वाटाड्या' असा सुंदर शब्द आहे. आज मला बोलायचे आहे ते या वाटाड्याविषयी. सत्तरीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी राजे सांगितले, राणे सांगितले, पोर्तुगीज गव्हर्नर सांगितले. परंतु या सर्वांना ज्याने वाट दाखवली, त्याचे नाव कोणत्याही कागदावर सहसा आढळत नाही.

घाटमाथा आणि कोकण यांचे नाते जुने आहे. चोर्ला, केळघाट, अनमोड या वाटांनी शतकानुशतके माल वरखाली होत आला. समुद्राकाठचे मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर जाई. घाटावरचे धान्य, गूळ आणि मिरची खाली येई. बैलांचे तांडे ही वाहतूक करीत. तांड्याच्या पुढे चालणाऱ्या माणसाला ओढ्याचा उतार कोठे, उन्हाळ्यात पाणी कोठे टिकते, वाघाचे भय कोणत्या वळणावर, हे ठाऊक असावे लागे. सत्तरीच्या गावोगावी आढळणारे वीरगळ पाहिले म्हणजे या वाटा किती धोक्याच्या होत्या याची कल्पना येते. संपत्ती ज्या वाटेने जाते त्याच वाटेने लुटारूही येतो, आणि गावाच्या रक्षणासाठी पडलेल्या माणसाचा दगड मग तेथे उभा राहतो.

अनमोड घाटाच्या पायथ्याचे तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कदंबांच्या काळातील हे काळ्या दगडाचे देऊळ रानाच्या पोटात का बांधले, असा प्रश्न तेथे जाणारा प्रत्येक जण विचारतो. आपण मोटारीच्या रस्त्याने जातो म्हणून ते आपल्याला आडबाजूचे वाटते. घाट उतरून येणाऱ्या वाटसरूच्या दृष्टीने ते अगदी वाटेवर होते. पुढे ती वाट मोडली, रान वाढले, आणि त्या रानानेच देवळाला झाकून ठेवले. आज ते उभे आहे याचे श्रेय काही अंशी या विस्मृतीलाही द्यावे लागेल.

वाळपईजवळच्या ब्रह्मकरमळी गावाची कथा याहून हृदयस्पर्शी आहे. तेथील ब्रह्मदेवाची मूर्ती मूळची तिसवाडीतील करमळीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडण्यास आरंभ केला तेव्हा भक्तांनी ती उचलून सत्तरीच्या आश्रयाला आणली. मी ख्रिस्ती आहे. माझ्या पूर्वजांनी ज्या काळात क्रूस स्वीकारला, त्याच काळात त्यांच्या शेजाऱ्यांनी आपला देव खांद्यावर घेऊन नदीनाले ओलांडले. त्या मूर्तीसमोर उभे राहिल्यावर मला दोन्ही वाटांवरची माणसे आपलीच वाटतात. राहणारे राहिले, जाणारे गेले. जाणाऱ्यांना पैलतीरावर कोणीतरी वाट दाखवली असेल, आणि त्या कोणाचे नाव आपण जाणत नाही, एवढेच येथे नमूद करतो.

आता बंडांचा काळ घेऊ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांनी जो मुलूख नव्याने मिळवला त्याला 'नव्या काबिजादी' म्हणतात. पेडणे, डिचोली आणि सत्तरी त्यात आले. सत्तरीत राण्यांचे वर्चस्व होते. आपल्या परंपरागत हक्कांवर सरकार हात घालते असे दिसताच ते उठत. १८५२ साली दिपाजी राणे यांनी वाळपईजवळचा नाणूसचा किल्ला घेतला आणि जो संघर्ष पेटला तो १८५५ पर्यंत शमला नाही. शेवटी सरकारला तडजोड करावी लागली. पुढे १८९५ साली गोव्यातील मराठा शिपायांना समुद्रपार मोझांबिकला लढण्यासाठी पाठवण्याचा हुकूम निघाला. शिपायांनी तो मानला नाही. ते निघाले ते थेट नाणूसच्या आश्रयाला, आणि दादा राणे यांच्यासह राणे मंडळी त्यांना मिळाली. हे बंड मोडण्यासाठी पोर्तुगालच्या राजाचा सख्खा भाऊ, राजपुत्र आफोंसो, फौज घेऊन गोव्यात आला. १९१२ साली सत्तरी पुन्हा पेटली.

लिस्बनहून राजपुत्र आणावा लागावा इतके बळ या मूठभर लोकांत कोठून आले? त्यांच्याजवळ तोफा नव्हत्या, खजिना नव्हता. त्यांच्याजवळ डोंगर होता, आणि डोंगर वाचणारी माणसे होती. सरकारी पलटण सडकेने येई. बंडखोर पायवाटेने नाहीसा होई. घाट चढला की सरकारची हद्द संपे. पलटणीतल्या अधिकाऱ्याजवळ नकाशा असे. पण सत्तरीच्या रानाचा उपयोगी नकाशा कागदावर नव्हताच. तो गुराख्याच्या, मधाळ्याच्या, कुमेरी करणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यात होता, आणि तेथून तो जबरदस्तीने काढून घेणे कठीण होते.

महाराष्ट्राच्या इतिहासात याचे अधिक प्रसिद्ध उदाहरण आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान मोठी फौज घेऊन सह्याद्री उतरत असता उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला कोंडले. खानाजवळ माणसे भरपूर होती. त्या अरण्याची जाण मात्र महाराजांच्या माणसांजवळ होती. पुढे सरता येईना, मागे फिरता येईना, अशा स्थितीत खानाला शरण जावे लागले.

युरोपात डोंगर चढणे ही हौस झाली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. पावणेपाच हजार मीटरांहून उंच असलेले माँ ब्लाँ हे शिखर १७८६ साली प्रथम सर झाले. ते सर करणाऱ्या दोघांपैकी पाकार हा डॉक्टर होता, तर बाल्मा हा डोंगरात स्फटिक शोधून पोट भरणारा शामोनी खोऱ्यातला गावकरी होता. त्यानंतर धनिक प्रवाशांची रीघ लागली, आणि त्यांना वर नेणे हा गावकऱ्यांचा धंदा झाला. १८२० साली अशाच एका चढाईत बर्फाचा लोट कोसळून तीन वाटाडे मृत्यू पावले. त्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबांचे काय, हा प्रश्न गावापुढे उभा राहिला. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संस्था स्थापन केली. काम पाळीपाळीने वाटायचे, दर ठरलेले ठेवायचे, आणि संकटात सापडलेल्या कुटुंबासाठी निधी बाळगायचा, असे तिचे नियम होते. ती संस्था आजही चालू आहे. आपल्या देशातही तेनझिंग यांनी १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर केल्यानंतर दुसऱ्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहणाची शिक्षणसंस्था निघाली, आणि पर्वताच्या ज्ञानाला शाळेची प्रतिष्ठा मिळाली.

आमच्या सत्तरीत असे काही घडले नाही. घडले ते निराळेच. १९९९ साली राष्ट्रपती राजवटीत राज्यपाल जेकब यांनी म्हादई अभयारण्य घोषित केले. सुमारे २०८ चौरस किलोमीटरांचे हे रान राखले गेले ही मोठीच गोष्ट झाली. २०२० च्या जानेवारीत गोळावलीच्या परिसरात चार वाघ मेलेले आढळले, तेव्हा या रानात वाघ केवळ ये-जा करीत नाही, नांदतो, हे साऱ्या देशाला दिसले. २०२३ च्या जुलैत उच्च न्यायालयाने येथे व्याघ्रप्रकल्प घोषित करण्याचा आदेश दिला आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. या वादात रान राखू पाहणारे आणि रानात राहणारे असे दोन तट पडलेले दिसतात. वाटाड्या मात्र या दोहोंच्या मधोमध उभा आहे. त्याचे घर रानात आहे, आणि रान टिकले तरच त्याचे ज्ञान कामाचे आहे.

त्याचे हे ज्ञान कसे असते ते त्याच्या मागून चालल्याशिवाय कळत नाही. वानर ओरडले की तो थांबतो. कारण गव्याला पाहून वानर ओरडत नाही, वाघ-बिबट्याला पाहून ओरडते. नदी ओलांडताना तो पाणी पारखून जागा निवडतो. देवराई लागली की पायांतले काढून ठेवतो आणि आवाज खाली आणतो. केरीची आजोबाची राई, बांबरची निरंकाराची राई ही रानातली देवस्थाने. निरंकाराच्या राईत रानजायफळाच्या जातीची झाडे दलदलीत उभी आहेत, आणि त्यांची मुळे गुडघ्यांसारखी चिखलातून वर आली आहेत. अशी जागा शास्त्रज्ञांना ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी तिच्यातली फांदी तोडायची नाही हा नियम गावाने केला होता. परतीची वेळही सूर्याकडे पाहून वाटाड्याच ठरवतो. घाटमाथ्यावर ऊन असते तेव्हाच खाली दरीत अंधार जमू लागतो, हे पाहुण्याला सांगून पटत नाही.

हे सारे मी एवढ्या आग्रहाने का सांगतो? कारण हे ज्ञान आमच्या डोळ्यांदेखत सरत चालले आहे. अंजुण्याचे धरण झाले तेव्हा शेतांबरोबर जुन्या वाटाही पाण्याखाली गेल्या. चोर्ल्याचा मोटाररस्ता झाला आणि घाटवाटेचे प्रयोजनच संपले. डोंगरातल्या गावांतील मुले वाळपईच्या शाळांत येतात ही आनंदाची गोष्ट आहे. मी शिक्षक आहे. त्यांनी शिकू नये असे मी कसे म्हणेन? परंतु जो मुलगा भूगोलाच्या वहीत आल्प्स पर्वताचा नकाशा बिनचूक काढतो, त्याला आपल्या आजोबांची घाटमाथ्यावर जाण्याची वाट सांगता येत नाही, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. आजोबा गेले की ती वाटही जाते.

दुसरीकडे वाट न जाणणाऱ्यांची गर्दी वाढत आहे. २०२३ च्या जुलैत सांगे तालुक्यातील मैनापी धबधब्यावर दोघे जण बुडून मरण पावले, आणि सरकारने पावसाळ्यात अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली. बंदीचे कारण समजण्यासारखे आहे. परंतु बंदीने मनुष्य डोंगरापासून दूर राहतो. डोंगरात वागावे कसे हे त्याला बंदी शिकवत नाही. ते शिकवणारा माणूस गावात बसून आहे, आणि आपण त्याला एका दिवसाची मजुरी देऊन मोकळे होतो. कधी तीही घासाघीस करून.

माझे मागणे मोठे नाही. सत्तरीच्या गावागावांतील वाटाड्यांची नोंद व्हावी. वन खात्याने परवानगी देताना गावचा वाटाड्या बरोबर असण्याची अट घालावी आणि त्याचा दर ठरवून द्यावा. काम पाळीपाळीने सर्वांना मिळावे, आणि पाहुण्यांकडून येणाऱ्या पैशातून अपघात-आजारासाठी थोडा निधी बाजूला पडावा. शामोनीच्या गरीब गावकऱ्यांनी दोनशे वर्षांपूर्वी जे स्वतःच्या बळावर केले ते आपल्याला अशक्य नसावे. शाळांनीही आपला वाटा उचलावा. वर्षातून एक दिवस वरच्या वर्गातील मुलांनी गावच्या वृद्धाच्या मागून डोंगरात चालावे, आणि त्याने सांगितलेली पाणवठ्यांची, उतारांची, खिंडींची नावे वहीत उतरून घ्यावीत. नावे राहिली तर वाटा राहतात.

आणि श्रोतेहो, आपल्यापैकी जे या हिवाळ्यात सत्तरीच्या डोंगरात जाणार असतील त्यांना एवढीच विनंती की, शिखराचे नाव विचारण्यापूर्वी पुढे चालणाऱ्या माणसाचे नाव विचारा. राजांनी ते विचारले नाही, सेनापतींनी विचारले नाही, इतिहासकारांनीही विचारले नाही. आपण विचारावे.