'सापडले नाही' म्हणजे 'नाही' नव्हे

रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला विषाणू म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. कुकुंबर मोझॅक विषाणू, म्हणजे इकडच्या भाषेत 'हरण्या', बागेत शिरला की झाड उपटून नष्ट करण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून ऊतिसंवर्धनाच्या रोपांची प्रयोगशाळेत आधीच विषाणूचाचणी करतात. मात्र चाचणी ज्या विषाणूसाठी असते, तोच तीत सापडतो. घरच्या संगणकातील स्कॅनरचेही असेच आहे. 'काही सापडले नाही' हे त्याचे उत्तर आपण 'काही नाही' असे वाचतो, आणि फसतो.

स्कॅनरचा जन्म फ्लॉपीच्या काळातला. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये दडून बसे. १९९१ मध्ये आढळलेला 'मायकेलअँजेलो' ६ मार्च उजाडला की हार्डडिस्कवरील माहितीवर पाणी फिरवी. त्याच सुमारास पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीकडून संगणकांच्या दुरुस्तीकडे वळत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत पुष्कळदा भाग ठीक असत, बिघाड विषाणूचा असे. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी विषाणू काढणाऱ्या छोट्या आज्ञावली लिहिल्या आणि त्यांतून 'क्विक हील' उभे राहिले. पुढे २००७ साली कंपनीनेही तेच नाव घेतले. थोरल्या भावाचे शिक्षण दहावीनंतर सुटले होते, हे वर्गात सांगण्याजोगे आहे.

अशा स्कॅनरची मूळ रीत साधी. प्रत्येक विषाणूच्या आज्ञावलीत अंकांची एक खास मालिका असते. अशा मालिकांची यादी करायची आणि प्रत्येक फाइल तिच्याशी ताडून पाहायची. काम झटपट होते, गुन्हेगाराचे नावही कळते. पण यादीत नाव चढण्यासाठी आधी कोणाचा तरी संगणक बिघडावा लागतो.

मग यादीविना, केवळ तर्काने, प्रत्येक विषाणू ओळखणारा बिनचूक स्कॅनर करता येईल का? अमेरिकेतील फ्रेड कोहेन यांनी १९८०च्या दशकातच दाखवून दिले की नाही. युक्तिवाद अकरावीच्या विद्यार्थ्यालाही झेपेल असा आहे. समजा, असा स्कॅनर आहे. आता एक आज्ञावली लिहा. ती स्वतःविषयी त्या स्कॅनरलाच विचारते, "मी विषाणू आहे का?" उत्तर 'होय' आले तर ती गप्प बसते, 'नाही' आले तर पसरू लागते. म्हणजे स्कॅनर काहीही म्हणाला तरी चुकतोच!

२०००च्या आसपास स्पायवेअर आले आणि ही उणीव अधिक बोचू लागली. मायकेलअँजेलो निदान ६ मार्चला आपले अस्तित्व जाहीर करी. स्पायवेअरचे यश मात्र काहीच न बिघडण्यात असते. पानावर एकही पिवळी रेघ नसते, आणि दाबलेली प्रत्येक कळ कोणीतरी टिपून घेत असते.

म्हणून प्रश्नच बदलला गेला. 'हा कोण?' असे विचारण्याऐवजी 'याला कशाकशाला हात लावू द्यायचा?' असे विचारायचे. कल्पना तशी जुनी. १९७९ च्या युनिक्समध्ये एखाद्या आज्ञावलीला एकच कप्पा दाखवून 'हीच सारी डिस्क' असे भासवता येई. १९९५ मध्ये जावाने इंटरनेटवरून आलेल्या आज्ञावलींना घरच्या फाइली वाचण्याची बंदी केली. लहान मुलांच्या वाळूच्या पेटीवरून या रीतीला 'सँडबॉक्स' म्हणतात. २००४ साली 'सँडबॉक्सी' आली आणि घरच्या विंडोजवरही ही सोय झाली. आज्ञावली जे लिहील ते वेगळ्या कप्प्यात वळवायचे आणि काम संपले की कप्पा रिकामा करायचा. विंडोजने स्वतःचा सँडबॉक्स दिला तो २०१९ मध्ये, आणि गंमत अशी की 'होम' आवृत्तीत तो दिलाच नाही.

इथेही एक मेख आहे. सँडबॉक्सी मूळ स्थितीत लिहिणे अडवते, वाचणे बहुतांशी अडवत नाही. स्पायवेअरला तर वाचायचेच असते. समजा, एखाद्या शिक्षकाने प्रश्नपत्रिकेसाठी फुकटचे मराठी टंकलेखनाचे साधन उतरवले, आणि त्याच संगणकावर मुलांच्या गुणांच्या याद्या आहेत. मग तो कप्पा पेटीपुरता बंद करायला हवा, पेटीचे इंटरनेट तोडायला हवे, आणि ती उघडी असेपर्यंत बँकेचा पासवर्ड तीत टंकायचा नाही.